हृदयरोग्याची विडी-सिगारेट सोडवताना: रुग्णालयातल्या पहिल्या दिवसापासून वर्षभरापर्यंत

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाला घरी सोडताना जो कागद हाती दिला जातो, त्यावर गोळ्यांची नावे, त्यांच्या वेळा आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली असते आणि अगदी खाली 'धूम्रपान टाळा' अशी एक ओळ असते. रक्त पातळ करणारी गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे परिचारिका दोनदा समजावून सांगते. पण विडी कोणत्या दिवसापासून बंद, पहिल्या आठवड्यात त्रास काय होईल, त्यावर औषध कोणते आणि पुन्हा भेटायचे कधी, यांपैकी काहीही त्या ओळीत नसते. रुग्ण महिन्याभराने पुन्हा विडी ओढताना दिसला की त्याच्या मनोबलाला नावे ठेवली जातात. खरे तर त्याला मिळालेला असतो तो नुसता सल्ला. उपचार म्हटला की त्याला औषध, मात्रा, वेळापत्रक आणि पाठपुरावा हवा, आणि विडी सोडवणे हाही हृदयाचा उपचारच आहे. तो कसा करावा, हे रुग्णाचे नातेवाईक, परिचारिका, आशा सेविका आणि गावातले डॉक्टर यांच्यासाठी पुढे क्रमाने मांडले आहे.

आधी या उपचाराचे वजन लक्षात घ्यावे. हृदयाच्या धमन्यांचा विकार असलेल्या रुग्णांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००३ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत ते सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे ३६ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. रोज मूठभर गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला हा आकडा सांगावा, कारण त्या मुठीतल्या कोणत्याही एका गोळीशी तो बरोबरी करू शकतो. कारणही समजेल अशा शब्दांत सांगता येते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो, निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवते व धमन्या आकसते, म्हणजे हृदयाचे काम वाढते आणि त्याच वेळी त्याचा पुरवठा घटतो. शिवाय धुरामुळे रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) चिकट होतात आणि गुठळी धरण्याची शक्यता वाढते. ज्याच्या धमनीत नुकताच स्टेंट बसवला आहे, त्याच्यासाठी भीतीची गोष्ट हीच. कार्बन मोनॉक्साइड मात्र शेवटच्या झुरक्यानंतर साधारण एका दिवसात रक्तातून निघून जातो, त्यामुळे 'आता सोडून काय उपयोग' या प्रश्नाचे उत्तर उद्या सकाळीच मिळू लागते.

विचारावे कसे

'विडी ओढता का?' या प्रश्नाला अतिदक्षता विभागातला रुग्ण, आणि तेही मुलासमोर, 'नाही' म्हणण्याचीच शक्यता अधिक. त्याऐवजी 'दिवसाला साधारण किती बंडले लागायची?' असे विचारावे. त्यात दोष देण्याचा सूर नसतो आणि उत्तर बहुधा खरे येते. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे: सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळात पेटते? पाच मिनिटांच्या आत पेटत असेल तर शरीर निकोटिनला पुरते जखडलेले आहे असे समजावे. अर्ध्या तासाच्या आत असेल तरी अवलंबित्व मोठेच असते आणि औषधाशिवाय भागेल अशी आशा धरू नये. तिसरा प्रश्न, याआधी कधी सोडली होती का, आणि पुन्हा कशामुळे सुरू झाली? 'दोन वर्षे सोडली होती, मग भावाच्या मयताला एक ओढली' हे उत्तर पुढची सगळी आखणी करायला पुरेसे ठरते.

चौथा प्रश्न महाराष्ट्रात विसरूच नये: तोंडात काय ठेवता? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ४ टक्क्यांच्या आत होते, तर तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा अशा धूररहित प्रकारांचा वापर करणारे २४ टक्क्यांहून अधिक. ज्याची विडी बंद झाली, तो तंबाखू मळायला लागला आणि घरच्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, असे चित्र आपल्याकडे सर्रास दिसते. ५२ देशांतल्या रुग्णांवर आधारलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिगारेट, विडी आणि चघळण्याची तंबाखू या तिन्हींनी झटक्याचा धोका वाढतो असे दिसले; कधीच तंबाखू न घेणाऱ्यांच्या तुलनेत विडी ओढणाऱ्यांचा धोका जवळपास तिप्पट, तर नुसती तंबाखू चघळणाऱ्यांचा दुपटीहून अधिक. 'विडी पानाची असते, सिगारेटसारखी कागदाची नाही' हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. विडीत तंबाखू कमी असते हे खरे. पण ती विझू नये म्हणून वरचेवर आणि जोराने ओढावी लागते. स्त्रियांना हाच प्रश्न एकटीला गाठून, मिश्रीचे नाव घेऊन विचारावा. सासू आणि सून दोघी समोर बसल्या असताना खरे उत्तर येत नाही.

'कमी केली आहे' याचे काय करावे

हा या कामातला सर्वात चकवणारा टप्पा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. वीसवरून दोनवर आलेला माणूस मनापासून समजतो की धोका दहापट घटला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत हिशेब काहीसा तसा चालतोही. हृदयाच्या बाबतीत चालत नाही. २०१८ सालच्या एका मोठ्या आढाव्यात असे दिसले, की रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याचा हृदयरोगाचा जितका धोका वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मी वाढ रोज एकच ओढणाऱ्यालाही सोसावी लागते. बिंबिका चिकट व्हायला आणि धमनीचे अस्तर बिघडायला थोडा धूरही पुरतो. रुग्णाला हे सांगताना त्याने केलेल्या कष्टाचा अपमान होऊ देऊ नये. 'अठरा सोडल्या म्हणजे तुम्हाला जमते हे सिद्ध झाले, आता उरलेल्या दोन हृदयासाठी' असे म्हणावे. हळूहळू कमी करत जाण्यापेक्षा तारीख ठरवून एकदम थांबणाऱ्यांचे यश अधिक असते, असेही २०१६ सालच्या चाचणीत दिसले आहे.

रुग्णालयातले दिवस आणि ती पिशवी

झटक्यानंतर रुग्ण तीन-चार दिवस तरी खाटेवर असतो आणि तिथे विडी मिळत नाही. सोडण्याची तारीख वेगळी ठरवायची गरजच नसते. दाखल झाला तीच तारीख. निकोटिनचा सर्वात कठीण काळ म्हणजे पहिले दोन-तीन दिवस, आणि तो बऱ्याच प्रमाणात तिथेच सरलेला असतो. म्हणून 'आता सोडा' असे न म्हणता 'तुमची सुटून चार दिवस झाले, आता ती पुन्हा धरायची नाही' असे सांगावे. वाक्यातला हा एवढासा बदल रुग्णाला एकदम वेगळ्या जागी उभे करतो. याच काळात रुग्ण चिडचिडा, बेचैन झाला, रात्रभर जागा राहिला, तर ते सारे आजारामुळेच असेल असे गृहीत न धरता निकोटिनच्या ओढीची शंका डॉक्टरांना बोलून दाखवावी. त्यावर खाटेवरच उपाय करता येतो.

आता एक अगदी बारीक गोष्ट. दाखल करताना रुग्णाच्या अंगावरचे कपडे काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून खाटेखाली ठेवलेले असतात. रुग्णालयातून सुटीच्या दिवशी तोच शर्ट झटकून अंगावर चढवला जातो, आणि त्याच्या खिशात अर्धे बंडल व काडेपेटी जशीच्या तशी असते. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर, रिक्षाची वाट पाहताना, हात सवयीने खिशात जातो. चार दिवसांची कमाई तिथे जाते. सुटीच्या आदल्या दिवशीच घरून धुतलेले कपडे आणावेत आणि ती पिशवी रुग्णाच्या संमतीने, त्याच्या समोर रिकामी करावी. लपूनछपून केले तर तो दुसरे बंडल आणतो. स्वतःच्या हाताने टाकले तर सहसा आणत नाही. घरीही तेच: उशीखाली, मोटारसायकलच्या डिकीत, शेतातल्या झोपडीच्या वळचणीला, दुकानाच्या गल्ल्यात, जिथे जिथे थोटके आणि काड्या असतील तिथून त्या काढाव्यात. घरातला दुसरा कोणी ओढत असेल तर निदान घरात ओढणे त्याने त्याच दिवसापासून थांबवावे. दुसऱ्याचा धूर नाकात जाणे हेही धमन्यांना घातक आहे आणि तलफ जागवणारे तर आहेच.

औषधे: कोणते, किती आणि कसे

'आधीच इतक्या गोळ्या, त्यात हे कशाला?' हा घरच्यांचा प्रश्न रास्त वाटतो, पण हृदयरोग्याला निकोटिनचे चघळायचे गम किंवा त्वचेवर चिकटवायची पट्टी चालत नाही ही समजूत चुकीची आहे. गममधले निकोटिन धुरापेक्षा सावकाश आणि कमी प्रमाणात रक्तात जाते, आणि त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड नसतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, हृदयविकार असलेल्या ५८४ रुग्णांवरील चाचणीत पट्टीमुळे हृदयाच्या तक्रारी वाढल्याचे दिसले नाही. झटक्यानंतरचे पहिले दोन आठवडे, गंभीर स्वरूपाची अनियमित नाडी किंवा वाढत जाणारे छातीतले दुखणे असेल तर मात्र हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच वापर करावा. मात्रा ठरवणे हे कोणत्याही रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांचेच काम आहे. खाली दिलेली माहिती त्यांच्याशी नेमके बोलता यावे म्हणून.

गम २ आणि ४ मिलिग्रॅमचे मिळतात. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला विडी लागते त्याला सहसा ४ मिलिग्रॅमचा दिला जातो, इतरांना २ चा. सुरुवातीच्या सहा आठवड्यांत साधारण दर एक-दोन तासांनी एक, आणि नंतर हळूहळू कमी करत तीन महिन्यांत बंद. बहुतेक गम वाया जातात ते चघळण्याच्या पद्धतीमुळे. रुग्ण तो बडीशेपेसारखा एकसारखा चावतो, निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचक्या लागतात, छातीत जळजळते, आणि जळजळीने घाबरलेला रुग्ण 'मला हे मानवत नाही' म्हणून पाकीट फेकून देतो. योग्य पद्धत अशी: गम सावकाश चार-सहा वेळा चावावा, तिखट मिरमिर जाणवली की चावणे थांबवून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावा, मिरमिर ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावून दुसऱ्या बाजूला ठेवावा, असे अर्धा तास चालवावे. तंबाखूचा बार धरणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही, गालात ठेवण्याची कला त्यांच्याकडे आधीपासूनच असते. चहा, कॉफी किंवा लिंबू सरबत घेण्याआधी पंधरा मिनिटे आणि घेताना गम तोंडात नको, कारण आंबट तोंडात निकोटिन शोषले जात नाही. कवळी असेल किंवा गम चिकटत असेल तर पट्टी बरी. दिवसाला दहापेक्षा अधिक सिगारेटी ओढणाऱ्याला सहसा २१ मिलिग्रॅमच्या पट्टीपासून सुरुवात होते आणि मग १४ व ७ वर उतरतात. पट्टी रोज नव्या जागी, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर लावावी. पायाभूत आधार म्हणून पट्टी आणि तलफ आली की वरून गम, अशी जोडी एकेकट्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

गोळ्यांमध्ये व्हॅरेनिक्लिन सर्वात परिणामकारक मानली जाते. सोडण्याच्या तारखेआधी एक आठवडा ती कमी मात्रेत सुरू करतात आणि बारा आठवडे देतात. झटका किंवा तत्सम तीव्र त्रासासाठी दाखल झालेल्या ३०२ रुग्णांवरील चाचणीत चोवीस आठवड्यांनंतर ही गोळी घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के धूम्रपानमुक्त होते, तर नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के. दोन्ही आकडे पाहावेत: गोळीने फरक पडतो, आणि गोळी घेऊनही निम्म्याहून अधिक जणांना ते जमले नाही. मळमळ हा तिचा नेहमीचा त्रास असून तो जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास कमी होतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा घटवावी लागते. बुप्रोपिऑन हा दुसरा पर्याय आहे, पण पूर्वी कधी फेफरे आले असतील तर तो देत नाहीत. ई-सिगारेट हा भारतात पर्यायच नाही. २०१९ च्या कायद्याने तिच्या विक्रीवर बंदी आहे.

पहिला पंधरवडा घरी

तलफ लाटेसारखी येते आणि पाच-सात मिनिटांत ओसरते, हे रुग्णाला घड्याळ हाती देऊन एकदा अनुभवू द्यावे. त्या मिनिटांत करण्याच्या गोष्टी आधी ठरवलेल्या असाव्यात: घोटघोट पाणी पिणे, लवंग किंवा वेलदोडा तोंडात टाकणे, जागेवरून उठून अंगणात जाणे, कोणाला तरी फोन लावणे. सुपारी सुचवू नये, तिचे स्वतःचे व्यसन आहे.

विडी ज्या क्षणांना बांधलेली असते ते क्षण एकेक करून सोडवावे लागतात. पहिला क्षण सकाळचा. 'विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही' ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. निकोटिन आतड्यांना चाळवते आणि ते थांबले की बद्धकोष्ठता होते हे खरे आहे. हृदयरोग्याने जोर करणे योग्य नाही, म्हणून पहिल्या दिवसापासूनच रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी ठेवावी. पाणी कमी पिण्याची सूचना असलेल्या रुग्णाने त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. दुसरा क्षण चहाचा. धूर थांबला की यकृतातली कॅफिन निपटण्याची गती मंदावते, त्यामुळे तेवढाच चहा अधिक लागतो, झोप उडते, धडधडते, आणि दोष विडी सोडण्यावर जातो. चहा निम्मा करावा, आणि तो टपरीवर न घेता घरात घ्यावा. तिसरा क्षण एकांताचा. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याला बांधावर सोबत असते ती विडीचीच. पहिले दोन-तीन आठवडे त्या पाळीला मुलाने किंवा भावाने जावे, तसेही झटक्यानंतर ते काम लगेच नकोच.

हीच यकृताची गती काही औषधांनाही लागू आहे. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्याच्या रक्तात विडी सुटल्यावर त्याचे प्रमाण वाढू शकते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानेही सोडल्याची तारीख डॉक्टरांना कळवून तपासणी करून घ्यावी.

पहिल्या काही आठवड्यांत खोकला वाढल्यासारखा वाटेल, भूक वाढेल आणि वर्षभरात चार-पाच किलो वजनही वाढू शकते. त्यामुळे सोडण्याचा फायदा पुसला जात नाही, फक्त फरसाणाचे डबे हाताशी ठेवू नयेत. छातीतले दुखणे, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, घाम, दम लागणे यांना मात्र 'तलफेची बेचैनी' समजून अंगावर काढू नये. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरच्यांनी बोलावे कसे

रोज संध्याकाळी तोंडाचा वास घेणारी पत्नी आणि 'तुम्हाला आमची काळजीच नाही' म्हणणारा मुलगा या दोघांचा हेतू चांगला असतो, परिणाम उलटा होतो. रुग्ण ओढणे थांबवत नाही, सांगणे थांबवतो. 'आज ओढली का?' ऐवजी 'आज सर्वात कठीण वेळ कोणती गेली?' असे विचारावे. सोडल्याच्या दिवसांची खूण भिंतीवरच्या कालनिर्णयावर रुग्णाने स्वतः करावी. वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात टाकावेत. महिनाअखेर ती रक्कम पाहून तो स्वतःच चकित होतो. झटक्यानंतर मनाला येणारी उदासी वेगळी ओळखावी: दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस नसेल, झोप आणि जेवण तुटले असेल, तर आधी तिचे उपचार करावेत, कारण उदास माणसाची विडी सुटणे फार अवघड असते.

घरात कोणाशीच बोलवत नसेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. हा क्रमांक विडी-सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. तिचे एक केंद्र मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात चालते. ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला तर मोबाइलवर संदेशांची मालिका सुरू होते.

घसरण आणि पाठपुरावा

रुग्णालयात दिलेले समुपदेशन सुटीनंतर किमान महिनाभर चालू राहिले तरच त्याचा ठोस उपयोग दिसतो. म्हणून तारखा सुटीच्या कागदावरच लिहून घ्याव्यात: तिसऱ्या दिवशी फोन, आठवड्याने फोन, मग पंधरा दिवस, एक महिना, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष. आशा सेविकेने रक्तदाब मोजायला येताना हा एक प्रश्न जोडला तरी चालतो.

लग्नात, हळदीला किंवा मित्रांबरोबर बसल्यावर एखादी ओढली जाते. दारूचा पेला हा सर्वात धोक्याचा प्रसंग, तो पहिले तीन महिने टाळावाच. ओढली गेली तर त्या रात्रीच घरच्यांना सांगता येईल असे वातावरण हवे, कारण एका विडीचे बंडल होते ते लपवण्याच्या दोन-तीन दिवसांत. तेव्हा दोषारोप न करता तीन गोष्टी विचाराव्यात: कुठे, कोणाबरोबर, आणि गम खिशात होता का. तिसऱ्याचे उत्तर बहुधा 'नाही' असते. गम आणि छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी, दोन्ही एकाच डबीत आणि ती डबी ज्या खिशात बंडल असायचे त्याच खिशात ठेवावी.

वर्षाच्या तपासणीला 'सुटली का?' असे विचारू नये. गेल्या सात दिवसांत एक झुरकाही नाही ना, आणि तोंडात तंबाखू, मिश्री काही नाही ना, असे स्वतंत्रपणे विचारून, दोन्हींची उत्तरे तारखेसह त्याच कागदावर, गोळ्यांच्या यादीच्या वरती लिहावीत.